ज्यांच्या नावावर बिलच नाही

पर्यावरण जपा आणि घरखर्च वाचवा, हा सल्ला आता इतका सर्वमान्य झाला आहे की त्यावर शंका घेणारा माणूस एक तर निसर्गाचा शत्रू ठरतो, नाही तर उधळ्या. रविवारच्या पुरवण्या, शाळेतले प्रकल्प, सोसायटीच्या वार्षिक सभेतलं पाहुण्यांचं भाषण, सगळीकडे यादी तीच. शॉवर सोडा, बादली धरा. एलईडी लावा. पाच ताऱ्यांचा फ्रिज घ्या. छतावर सौर पॅनेल बसवा. पुड्या घेऊ नका, मोठा पॅक घ्या. दिवसा दिवे बंद ठेवा. ओल्या कचऱ्याचं खत करा. आणि शेवटी हिशेब, की महिन्याला एवढे रुपये वाचतील आणि पृथ्वीही वाचेल.

या यादीतली बहुतेक कलमं आपापल्या जागी बरोबर आहेत. माझा आक्षेप त्यांच्या मुळाशी असलेल्या गृहीतकाला आहे. घरातला वापर कमी झाला की त्याच घराचा खर्च कमी होतो, असं ही यादी धरून चालते. ते खरं ठरायचं तर वापर मोजणारं मीटर त्या घराच्या नावावर हवं, नळ त्या घराचा हवा, छत त्या घराचं हवं. मुंबईच्या एम-पूर्व विभागात, गोवंडीच्या गल्ल्यांमध्ये, असंख्य कुटुंबांकडे यातलं काहीच नाही. तिथे काटकसर आहे, ती शिकवायला कुणी जाण्याची गरज नाही. पण त्या काटकसरीचे पैसे दुसऱ्याच कुणाच्या तरी हातात पडतात. हे न सांगता बचतीचं व्याख्यान देणं म्हणजे गरिबाच्या गरिबीचा दोष त्याच्या सवयींवर ढकलणं आहे, आणि ते मला मान्य नाही.

पाण्यापासून सुरुवात करू, कारण गोवंडीतल्या बाईचा दिवसही पाण्यापासूनच सुरू होतो.

महापालिकेचं घरगुती पाणी हजार लिटरला साधारण सहा-सात रुपयांना पडतं, वर ७० टक्के मलनिस्सारण आकार. ठाणे आणि नाशिक जिल्ह्यांतल्या धरणांमधून पाणी आणून या भावात देणं ही मुंबई महापालिकेची मोठी कामगिरी आहे, ते मान्य करायलाच हवं. आता चेंबूरच्या एखाद्या फ्लॅटमधल्या चौघांनी शॉवर सोडला, दात घासताना नळ बंद ठेवला आणि रोज १०० लिटर पाणी वाचवलं असं धरा. महिन्याचे झाले तीन हजार लिटर. रुपयांत त्याची किंमत तीस-पस्तीस. तेही त्यांच्या हाती येत नाहीत, कारण बहुतेक इमारतींत प्रत्येक घराला पाण्याचं वेगळं मीटर नसतं आणि बिल सोसायटीच्या देखभाल खर्चात जातं. म्हणजे ‘पाणी वाचवा, पैसे वाचवा’ हा सल्ला ज्याच्यासाठी लिहिला जातो त्यालाही तो पैशांत लागू पडत नाही. त्याने पाणी जरूर वाचवावं, धरणाखालच्या गावांची आठवण ठेवून वाचवावं. पण त्यामागे पैशांचं आमिष दाखवू नये.

पैशांचा खरा प्रश्न दोन-तीन किलोमीटरवर आहे. गोवंडीतल्या रफीक नगरात, बैंगनवाडीच्या मागच्या भागात, देवनारच्या कचरा डेपोच्या भिंतीला टेकलेल्या वस्त्यांमध्ये पाणी विकत घेतलं जातं. कुणी शेजाऱ्याच्या नळाला पाइप लावून महिन्याने पैसे देतं, कुणी ड्रम भरून घेतं, कुणी पस्तीस लिटरचा कॅन, ज्याला मुंबईत गॅलन म्हणतात. तो गॅलन दहा रुपयांना धरा. हजार लिटरचे २८५ रुपये झाले. झोपडपट्टीसाठी महापालिकेचा निकष माणशी दिवसाला ४५ लिटरचा आहे. पाच जणांच्या घराला त्या हिशेबाने २२५ लिटर, म्हणजे रोज साडेसहा गॅलन. महिन्याला १,९०० रुपयांच्या पुढे. तेवढंच पाणी पालिकेच्या नळातून आलं असतं तर मलनिस्सारण आकार धरूनही पंचाहत्तरच्या आसपास बिल झालं असतं.

हा आकडा मी एका धरलेल्या भावावर मांडला आहे, पण त्याचं प्रमाण कल्पित नाही. रे रोडजवळच्या कौला बंदर वस्तीत संशोधकांनी केलेली पाहणी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. तिथली कुटुंबं पाण्यासाठी पालिकेच्या दराच्या ५२ ते २०६ पट पैसे मोजत होती, आणि एवढं मोजूनही ९५ टक्के कुटुंबांच्या वाट्याला माणशी दिवसाला ५० लिटरसुद्धा पाणी येत नव्हतं. जागतिक आरोग्य संघटना ज्याला किमान म्हणते ते हे ५० लिटर. शहरातले सगळ्यांत काटकसरी पाणीवापर करणारे लोक हे आहेत. भांडी विसळलेलं पाणी कपड्यांना, कपड्यांचं पाणी ओट्याला आणि उंबऱ्याला, हा क्रम त्या घरांत कुणी पर्यावरणाच्या पुस्तकातून आणलेला नाही. इमारतींसाठी माणशी १३५ लिटर आणि झोपडपट्टीसाठी ४५ हा फरक ज्या शहराने स्वतःच्या नियोजनात लिहून ठेवला आहे, त्या शहरात बचतीचं भाषण कुणापुढे व्हायला हवं?

यावर मला दरवेळी एक उत्तर मिळतं : तिथे पाण्याची चोरी होते. होते. पण ती कोण करतं, ते नीट बघा. मुख्य जलवाहिनीला भोक पाडून पाणी विकणारा आणि त्याच्याकडून गॅलन विकत घेणारी बाई, यांना एकाच शब्दात बसवणं अन्याय आहे. ती बाई त्या पाण्याचे कायदेशीर ग्राहकापेक्षा कित्येक पट पैसे देते. चोरीचा माल महाग घ्यावा लागणारी ती एकमेव ग्राहक असेल, कारण सरळ दुकान तिच्यासाठी बंद ठेवलेलं आहे. किती वर्षं बंद? १९९५, मग २०००, अशा झोपड्यांच्या पात्रतेच्या तारखा ठरत गेल्या आणि त्यानंतर आलेल्यांना नळ नाकारला गेला. पाणी हक्क समितीने त्याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. डिसेंबर २०१४ मध्ये न्यायालयाने स्पष्ट केलं की पाणी हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग आहे आणि झोपडी बेकायदा असली तरी तिच्यात राहणाऱ्या माणसाला पाणी नाकारता येणार नाही. त्यानंतर साडेसात वर्षांनी, मे २०२२ मध्ये, महापालिकेचं ‘सर्वांसाठी पाणी’ धोरण आलं. धोरण आलं ही चांगलीच गोष्ट. पण धोरणापासून दारापर्यंत अर्ज असतो, कागदपत्रं असतात, परवानाधारक प्लंबर असतो, रस्ता खोदण्याचे पैसे असतात आणि लांबच्या लाइनपासून स्वतःच्या खर्चाने आणायचा पाइप असतो. तो पाइप गटारातून येतो, झिजतो, फुटतो. मग पाणी उकळावं लागतं आणि पाण्यावर वाचवलेले पैसे गॅसवर जातात. ज्या वस्तीत महानगर गॅसची वाहिनी पोचलेली नाही आणि ज्या घरात सिलिंडरही किलोवर भरून घेतला जातो, तिथे उकळलेल्या पाण्याचा प्रत्येक हंडा खर्चात दिसतो.

आता वीज. इथे मी एका चांगल्या सल्ल्याच्या बाजूने बोलून मग त्याचं काय होतं ते दाखवतो.

एलईडीच्या दिव्यापेक्षा पंखा बदलणं जास्त फायद्याचं आहे, हे लोकांना फारसं सांगितलं जात नाही. साधा पंखा ७५ वॅटच्या आसपास वीज घेतो, बीएलडीसी मोटरचा नवा पंखा तीसच्या आसपास. पत्र्याखालच्या खोलीत पंखा दिवसाला वीस तास फिरतो. जुना पंखा महिन्याला ४५ युनिट खातो, नवा १८. वाचले २७ युनिट, म्हणजे ढोबळ हिशेबाने दीडशे ते पावणेदोनशे रुपये. पंख्याची किंमत अडीच-तीन हजार. दीड वर्षात पैसे वसूल, पुढे निव्वळ बचत. ज्याच्या नावावर मीटर आहे त्या प्रत्येक घराने हा पंखा घ्यावा, असं मी ठामपणे सांगेन.

पण शिवाजी नगर-बैंगनवाडीची रचना कशी आहे? सत्तरच्या दशकात महापालिकेने ठिकठिकाणच्या झोपड्या हटवून इथे दहा बाय पंधरा फुटांचे प्लॉट दिले. पन्नास वर्षांत त्या प्लॉटवर एकावर एक खोल्या चढल्या. खाली घरमालक किंवा जरीचा, शिलाईचा कारखाना, वर लोखंडी शिडीने चढायच्या भाड्याच्या खोल्या. मीटर एक. वरच्या भाडोत्र्याकडून वीज दोन पद्धतींनी घेतली जाते. एक म्हणजे ठरीव रक्कम, एक दिवा आणि एक पंखा, महिन्याला अमुक. दुसरी म्हणजे मालकाने लावलेलं पोटमीटर आणि मालकाने ठरवलेला युनिटचा भाव. पहिल्या पद्धतीत भाडोत्र्याने तीन हजारांचा पंखा आणला तर वाचलेले २७ युनिट संपूर्णपणे मालकाचे. भाडोत्र्याच्या खर्चात एक पैसा कमी होत नाही. उलट, त्याचे तीन हजार गेले. तरीही ‘गरीब लोक वीज वाचवायचा विचारच करत नाहीत’ असं म्हणणारे लोक भेटतात. त्या भाडोत्र्याने विचार केला आहे, आणि पंखा न घेणं हाच त्याच्यापुरता बरोबर निर्णय आहे.

पोटमीटरच्या पद्धतीतला अन्याय आणखी बारीक आहे. आपल्याकडे विजेचे दर टप्प्यांनी चढतात. पहिले १०० युनिट सर्वांत स्वस्त, त्यापुढचे महाग. कमी वापरणाऱ्याला कमी दर, असा त्यामागचा चांगला हेतू. दोन कुटुंबं महिन्याला ८०-८० युनिट वापरत असतील आणि दोघांची मीटरं वेगळी असतील तर दोघंही स्वस्त टप्प्यातच राहतात. तीच दोन कुटुंबं एका मीटरवर आली की वापर १६० होतो आणि ६० युनिट वरच्या दराने लागतात. तीन कुटुंबं असली की १४० युनिट. वीज तेवढीच, हवेत गेलेला कोळशाचा धूरही तेवढाच, पण दर श्रीमंताचा. कमी वापराचं बक्षीस मीटरला मिळतं, माणसाला मिळत नाही.

याचा इलाज सवयीत नाही, कायद्यात आहे, आणि तो आधीच लिहून ठेवलेला आहे. विद्युत कायदा २००३ च्या कलम ४३ नुसार वीज मागण्याचा हक्क जागेच्या मालकाला आहे तसाच तिथे प्रत्यक्ष राहणाऱ्यालाही आहे. घरमालकाने ना हरकत प्रमाणपत्र दिलं नाही एवढ्या कारणाने भाडेकरूला वीज नाकारता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितलं. बचतीच्या किती लेखांत हे वाक्य छापून येतं? ‘वापरात नसताना चार्जर काढून ठेवा’ हे मात्र प्रत्येक लेखात असतं, आणि त्याने महिन्याला जेमतेम काही पैशांची वीज वाचते.

सौर पॅनेलचंही तसंच. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटच्या संचाला ७८,००० रुपये अनुदान आहे. ही योजना ज्याच्या मालकीचं छत आहे त्याच्यासाठी आहे. गोवंडीत छत म्हणजे पत्रा, आणि तो पत्रा पुढच्या वर्षी वरच्या खोलीची जमीन होणार असतो. सार्वजनिक पैसा हरित कारणासाठी खर्च होतोय याचा मला आनंद आहे. पण त्या पैशाने ज्याचं बिल आधीच परवडत होतं त्याचं बिल शून्यावर येतं आणि ज्याला ते परवडत नाही तो योजनेच्या बाहेर राहतो, हे बोलायला नको का?

या सगळ्या सल्ल्यांमध्ये मला सर्वांत जास्त राग येतो तो ‘दिवसा दिवे बंद ठेवा, नैसर्गिक उजेडाचा वापर करा’ या वाक्याचा. तो राग का येतो ते समजून घ्यायचं असेल तर गोवंडीतलं नटवर पारेख कंपाउंड बघायला हवं. रेल्वेमार्ग आणि रस्त्यांच्या प्रकल्पांसाठी ज्यांची घरं पाडली गेली त्या कुटुंबांना इथे २२५ चौरस फुटांच्या खोल्या मिळाल्या. पुनर्वसनाच्या इमारतींसाठी मोकळ्या जागेचे नियम सैल केले गेले आणि दोन इमारतींमधलं अंतर तीन मीटरवर आलं. सात-आठ मजल्यांच्या दोन भिंतींमध्ये तीन मीटर. खालच्या मजल्यांवर भर दुपारी दिवा लावल्याशिवाय भाजी चिरता येत नाही. हवा फिरत नाही म्हणून पंखा चोवीस तास. साध्या पंख्याचे तेवढ्यानेच महिन्याला ५४ युनिट होतात. तीन मीटरच्या त्या फटीत कचरा साचतो आणि दुर्गंधी आत येते, म्हणून खिडकीही बंद ठेवावी लागते.

डॉक्टर्स फॉर यू या संस्थेने आयआयटी मुंबईच्या साहाय्याने केलेला एक अभ्यास २०१८ मध्ये पुढे आला. मानखुर्दचं लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख आणि पीएमजी कॉलनी या तीन पुनर्वसन वसाहतींची तुलना त्यात होती. जिथे इमारती जवळजवळ आणि उजेड-वारा कमी, तिथे क्षयरोगाचे रुग्ण जास्त, असं त्यातून दिसलं. आता त्या खालच्या मजल्यावरच्या कुटुंबाचा हिशेब मांडा. दिवस-रात्र चाललेल्या दिव्या-पंख्याचं बिल. घरात एकाला क्षय झाला तर औषध सरकारी, मोफत. पोषणासाठी महिन्याला पूर्वी ५०० आणि नोव्हेंबर २०२४ पासून १,००० रुपये सरकार देतं. पण सहा महिने बुडालेली रोजी कोण भरून देणार? हा सारा खर्च त्या घरातल्या कुणाच्या सवयीतून आलेला नाही. तो नकाशावर सही करताना ठरला. विजेची बचत करायची जागा तिथे होती, नगररचनेच्या टेबलावर, आणि ती तेव्हा हुकली. आता त्या घरातल्या मुलीला शाळेत ‘दिवसा दिवा लावू नये’ असा निबंध लिहायला लावू नका.

पुड्यांबद्दलचा गैरसमज तर फारच खोलवर रुजलेला आहे. गरीब बायका शॅम्पूची, तेलाची, चहाची छोटी पुडी घेतात. ती महाग पडते आणि प्लास्टिकही वाढवते. मोठा पॅक घ्या म्हणजे दोन्ही वाचेल. ऐकायला पटतं. पण दुकानात जाऊन मिलिलिटरचा भाव काढून बघा. आपल्या देशात शॅम्पूची पुडी कित्येकदा बाटलीपेक्षा स्वस्त पडते. ऐंशीच्या दशकात दक्षिणेतल्या एका छोट्या कंपनीने ‘चिक’ची पुडी बाजारात आणली आणि पुढे मोठ्या कंपन्यांना तोच मार्ग धरावा लागला, तो उगीच नाही. रोजंदारीवरच्या घरात एक पुडी म्हणजे वापरावर आपोआप लगाम. तेव्हा त्या बाईचं गणित बरोबर आहे. चुकीचं आहे ते पुडीचं मूल्य. एकावर एक थर चिकटवून केलेलं ते वेष्टन भंगारवाला घेत नाही, वितळवून पुन्हा वापरता येत नाही, आणि ते उचलण्याचा, पुरण्याचा, जाळण्याचा खर्च पुडीच्या किमतीत धरलेलाच नाही. तो खर्च देवनारच्या कचऱ्याच्या डोंगराशेजारी राहणाऱ्यांच्या छातीत जमा होतो. पुडी स्वस्त आहे ती गोवंडीमुळे.

मार्च २०१८ मध्ये महाराष्ट्राने प्लास्टिकबंदी केली. तिचं मी स्वागत केलं होतं, आजही करतो. पण पिशवी देणाऱ्या फेरीवाल्याला पहिल्या गुन्ह्याला पाच हजारांचा दंड, आणि बहुथरी वेष्टनात माल भरणाऱ्या कारखानदाराला ‘उत्पादकाच्या जबाबदारी’ची मोकळीक, हा त्या बंदीतला भेद कुणी नाकारू शकत नाही. एक गोष्ट मात्र दुसऱ्या बाजूनेही सांगायला हवी. ‘पूर्वी बरं होतं, बरणी घेऊन जायचं आणि सुटं तेल आणायचं’ अशी हळहळ मला मान्य नाही. १९९८ मध्ये दिल्लीत भेसळीच्या मोहरी तेलाने लोकांचे जीव गेले आणि त्यानंतर सुट्या खाद्यतेलावर बंधनं आली. स्वस्ताईच्या नावाखाली गरिबाच्या पोटात पुन्हा भेसळ जाऊ नये. साबणाची पावडर, फिनाइल, भांड्यांचा द्राव, तांदूळ, डाळ या गोष्टी मात्र सुट्या मिळू शकतात. वस्तीतल्या बचत गटाने घाऊक बाजारातून एकत्र माल आणून बरणीत, डब्यात मोजून द्यावा, एवढं भांडवल त्यांना बँकेने द्यावं. तिथे पर्यावरणाची आणि घरखर्चाची बचत खरोखर एका जागी येते, आणि ती एकट्या घराच्या आवाक्यात नसते.

आता कचऱ्याबद्दल. देवनारचा कचरा डेपो १९२७ चा. मुंबईने जवळपास शंभर वर्षं आपला उकिरडा इथे आणून टाकला आहे. जानेवारी २०१६ च्या अखेरीस त्याला लागलेल्या आगीचा धूर शहरभर पसरला तेव्हा कुठे तो उरलेल्या मुंबईला दिसला. शाळा बंद ठेवाव्या लागल्या. गोवंडीत तो धूर त्याआधीही होता, नंतरही राहिला. शेजारी रुग्णालयांचा कचरा जाळण्याची भट्टी, जी हलवण्यासाठी रहिवाशांना उच्च न्यायालयात जावं लागलं आणि २०२३ मध्ये आदेश मिळवावा लागला. या गोवंडीला ‘कचरा वेगळा करा’ म्हणून शिकवायचं? ओला-सुका हे शब्द सरकारी फलकांवर यायच्या कितीतरी आधी इथल्या बायका पुठ्ठा, काच, पत्रा, प्लास्टिकमधलं पीपी, पीईटी हाताच्या स्पर्शाने ओळखून वेगळे करत होत्या. स्त्री मुक्ती संघटनेने १९९८ मध्ये ‘परिसर विकास’ हा उपक्रम सुरू केला तो याच बायकांना बरोबर घेऊन. ज्योती म्हापसेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांना संघटित केलं, खतनिर्मितीचं आणि बायोगॅसचं प्रशिक्षण दिलं. तुर्भ्याच्या, म्हणजे इथून हाकेच्या अंतरावरच्या, भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी विकसित केलेलं ‘निसर्गऋण’ बायोगॅस तंत्र या बायकांनी चालवून दाखवलं. ज्ञान होतं, हात होते, गरज होती.

मग पैसे कुठे गेले? कचरावेचक बाईने उचललेला प्रत्येक किलो पालिकेच्या गाडीत चढत नाही, डेपोत पडत नाही. वाहतुकीचे आणि विल्हेवाटीचे ते पैसे पालिकेचे वाचतात. बाईला मिळतो फक्त भंगाराचा भाव. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी कचरावेचकांची नोंद करायला, त्यांना व्यवस्थेत सामावून घ्यायला स्थानिक संस्थांना सांगितलं. त्याच वर्षी देवनारला आगीनंतर पहारा वाढला आणि या बायकांची डेपोतली वाट अडली. पुण्याने वेगळं करून दाखवलं आहे. तिथे कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ पासून उभी आहे आणि तिच्यातून ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निघाली; कचरा गोळा करणाऱ्याला घरटी शुल्क मिळतं. मुंबईत मात्र आवारातच खत करणाऱ्या गृहसंकुलाला मालमत्ता करात सवलत मिळाली. तीही मिळावी, पण ज्यांच्या श्रमावर शहराचा सारा पुनर्वापर उभा आहे त्यांना काहीच नाही, ही वाटणी मला पचत नाही.

माझ्या मांडणीवर एक गंभीर आक्षेप येतो, आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. व्यवस्था बदलेपर्यंत माणसाने हातावर हात ठेवून बसायचं का? एवढं सगळं सरकारवर टाकलं की व्यक्तीची जबाबदारी संपते, आणि सुखवस्तू माणसाला हेच हवं असतं. आक्षेपाचा दुसरा भाग मला पूर्ण मान्य आहे. ज्याच्या घरी तीन एसी आहेत त्याने गोवंडीकडे बोट दाखवून आपला वापर चालू ठेवू नये. त्याच्या सवयी बदलायलाच हव्यात, कारण धरणही तो रिकामं करतो आणि कोळसाही त्याच्यासाठी जळतो. पहिल्या भागाला माझं उत्तर असं की गोवंडीतलं कुणीही हातावर हात ठेवून बसलेलं नाही. डाळ रात्री भिजत घालून कुकरमध्ये लावणारी, जुन्या साड्यांच्या गोधड्या शिवणारी, मिक्सर फेकून न देता त्याची मोटर पुन्हा भरून आणणारी, मार्चमध्ये पत्र्यावर चुना मारणारी बाई तिच्या हातात होतं ते सगळं करून बसली आहे. यापुढचा प्रत्येक रुपया जो वाचणार आहे तो तिच्या घराबाहेर अडकलेला आहे.

म्हणून बचतीवर लिहिणाऱ्या, बोलणाऱ्या सगळ्यांना माझं सांगणं आहे की गोवंडीत येताना वेगळी यादी घेऊन या. त्यात भाडोत्र्याच्या नावाने वीजजोडणी कशी मिळते ते लिहा. ‘सर्वांसाठी पाणी’ धोरणाखाली अर्ज कुठे करायचा, कुठली कागदपत्रं पुरतात, नाकारला तर कुणाकडे दाद मागायची ते लिहा. महापालिकेने मुख्य लाइनपासून गल्लीच्या तोंडापर्यंतचा पाइप स्वतःच्या खर्चाने टाकावा, ही मागणी लिहा. यापुढच्या पुनर्वसन इमारतींमध्ये तीन मीटरचं अंतर चालणार नाही, हे लिहा. देवनारच्या जमिनीवर आता मोठमोठ्या योजना येत आहेत. त्या आराखड्यांवर हरकती मागवल्या जातील तेव्हा हे मुद्दे तिथे पोचले पाहिजेत.

आणि दर वर्षी ५ जूनला, पर्यावरण दिनी, ठिकठिकाणी टेबलं मांडून रोपं वाटली जातात. एम-पूर्व विभागात त्याच टेबलावर नळजोडणीचे आणि वीजजोडणीचे अर्ज ठेवा. ते भरून द्यायला माणसं बसवा, पोच लगेच हातात द्या. किती अर्ज आले, किती मंजूर झाले आणि किती नळांना प्रत्यक्ष पाणी आलं, त्याची गल्लीवार यादी पुढच्या ५ जूनला विभाग कार्यालयाच्या दारावर लावा.